घरचं एक मत

४ मे
॥ श्री ॥
राइस मिलची ही डायरी जानेवारीपासून माळ्यावर पडून होती. आज काढली, कारण आज आमच्या घरी लिहिण्यासारखं घडलं. पक्षाचे जिल्हाध्यक्ष भूपेशभाऊ स्वतः आले. गाडी गल्लीत वळत नाही म्हणून कोपऱ्यापासून उन्हात चालत आले. खुर्चीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "शालिकभाऊ, विधान परिषदेचा फॉर्म भरून ठेवा."

मी पेंटर माणूस. पस्तीस वर्षं वडशात पक्षाच्या भिंती रंगवल्या, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले. किती जणांची नावं आमदार, खासदार म्हणून लिहिली त्याचा हिशेब नाही. ब्रश धुताना दर वेळी वाटायचं, एकदा आपलंही नाव असं लिहायला मिळावं. नगर परिषदेचं तिकीट तीनदा हुकलं. चौथ्यांदा मिळणार होतं, तर वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. माझी बायको कुंता उभी राहिली आणि निवडूनही आली. आता लोक मला 'मेंबरबाईचे मालक' म्हणतात. राग नाही. थोडा आहे.

या निवडणुकीत सगळ्या जनतेला मत नसतं. तीन जिल्ह्यांतले नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समितीचे सभापती, एवढेच मतदार. म्हणजे मी उमेदवार, पण मला मत नाही. घरात मत एकच, कुंताचं.

जाता जाता भूपेशभाऊ म्हणाले, "अमरबाबूचा बी फॉर्म राह्यन. ते आपलं फॉर्मॅलिटी." अमरबाबू म्हणजे घुग्घुसचे, कोळशाच्या ट्रकांचे मालक. एवढ्या मोठ्या माणसालाही पक्ष आता नुसता नावापुरता उभा करतो, हे ऐकून बरं वाटलं.

कुंता चुलीपाशीच होती. म्हणाली, "तुमाले ऊन लागलं का त्याले?"

९ मे
॥ श्री ॥
चंद्रपूरला जाऊन फॉर्म भरला. दहा सूचक लागतात, म्हणजे दहा मतदारांनी सही करून म्हणायचं की हा माणूस आम्हाला हवा. भूपेशभाऊंनी एका तासात दहा जण उभे केले. पहिली सही कुंताची. शेवटची कुरखेड्याकडच्या बायनाबाईंची. त्या पंचायत समितीच्या सभापती, गोंडाच्या, कमी बोलणाऱ्या. सही करताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पक्षाच्या पत्रात वरच्या रकान्यात अमरबाबूंचं नाव होतं, माझं खालच्या. अकारविल्हे असावं.

कुंताच्या सहीकडे मी पाहतच राहिलो. लग्नात ती तिसरी पास होती, पण वैनगंगेवर जाळी टाकणाऱ्या घरात पाटीला कोण विचारतो, सगळं विसरली होती. मेंबर झाल्यावर मी तिला शिकवलं. माझ्या हातात अक्षर आहे, तेवढंच माझ्याजवळ द्यायला होतं. पहिला धडा माझ्या उस्तादांनी मला दिला तोच दिला: भिंत असो, कागद असो, कोरा दिसला की आधी वर श्री, मग काम. तिचा पहिला अर्ज वॉर्डातल्या बोअरवेलचा. नगर परिषदेतला बाबू वरचा श्री पाहून हसला, तेव्हा रडत घरी आली होती. मी म्हणालो, "हसू दे त्याला. चांगलं काम थेट सुरू करत असतात का?" तेव्हापासून बाजाराच्या यादीवरसुद्धा असतो तिचा श्री.

१२ मे
॥ श्री ॥
काल छाननीत सगळे फॉर्म पास झाले. आज भूपेशभाऊंचा फोन आला. उद्या तीनच्या आत चंद्रपूरला येऊन फॉर्म मागे घ्या म्हणाले.

मी विचारलं, "कोणाचा?"

ते हसले. "तुमचाच ना जी. अमरबाबूचा फॉर्म पास झाला, आता डमीचं काम संपलं."

डमी. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते लिहायचीही लाज वाटते. नाटकात राजाच्या खुर्चीवर बसून लाइटवाल्याला उजेड जमवू देणारा एक माणूस असतो. नाटक सुरू झालं की त्याला उठवतात.

कुंताला सांगितलं. ती म्हणाली, "मंग काढून टाका फारम. त्याईच्याशी वैर कायले?"

मी चिडलो. म्हणालो, "तूसुद्धा मला डमीच समजतेस."

तिनं भात टाकला, डाळ घोटली. जेवताना म्हणाली, "तुमचा जीव कशात हाय, ते सांगा मले."

मी खरं ते सांगितलं. जिंकायचं नाही मला. माझं नाव एकदा छापलेलं पाहायचंय, आणि त्याच्यापुढे कोणीतरी आपल्या हातानं एक लिहिलेला पाहायचाय. दुसऱ्यांची नावं लिहिण्यात जन्म गेला.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "एक त मी लिवतेच."

१३ मे
॥ श्री ॥
दिवसभर कुंताच्या माहेरी, नदीकाठी. तिचा भाऊ बिरजू याच्या खोपटात फोन बंद करून बसलो होतो. बिरजूनं मला डोंग्यात बसवून पार मधल्या रेतीवर नेऊन सोडलं. म्हणे, "इथी कोनी नाई येत, भाटो." तीन वाजून गेल्याचं सूर्यावरून ओळखलं. एकसष्टाव्या वर्षी शाळा चुकवल्यासारखं वाटलं. फार मजा आली, खोटं कशाला लिहू.

१६ मे
॥ श्री ॥
सहा उमेदवार. अमरबाबू, वर्ध्याचे एक वकील, मी आणि आणखी तीन अपक्ष. माझं नाव चौथं.

पक्षानं मला काढून टाकलं. त्याचं कागदी पत्रही आलं, पस्तीस वर्षांत पक्षाचं माझ्या नावानं आलेलं पहिलं पत्र. पण खरी गोष्ट ती नाही. आज पक्षाची गाडी आली आणि आपल्या मतदारांना सहलीला घेऊन गेली. सहल म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मतदानापर्यंत डोंगरावरच्या कुठल्यातरी हॉटेलात ठेवणार, फोन काढून घेणार, समोरच्यानं फितवू नये म्हणून. कुंता जायला तयार नव्हती. मीच म्हणालो, जा. नाही गेलीस तर वॉर्डाची नळयोजना अडवतील.

पिशवी भरताना तिनं विचारलं, "तुमी जेवान का बरोबर?" मी म्हणालो, "मी उमेदवार आहे, उपाशी राहत नसतो." गाडीत बसली. खिडकीची काच बंद होती, काळी होती. तिनं हात हलवला असेल.

१९ मे
॥ श्री ॥
आपल्या दहा सूचकांना तरी भेटावं म्हणून निघालो. सात जण सहलीला गेलेले. एकाच्या घरच्यांनी सांगितलं, ते झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्यानं मिठीच मारली आणि म्हणाला, "तुमचंच काम करून राह्यलो, भाऊ." तिसऱ्या बायनाबाई. घरात लग्न म्हणून त्या सहलीला उशिरा जाणार होत्या. अंगणात मोहफुलं वाळत होती. त्यांनी चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "शालिकभाऊ, मी उद्या त्याईच्या गाडीत बसून राह्यली. माह्या गावाचा रस्ता त्याईच्या हातात हाय. मत नाई देऊ शकत मी तुमाले. सही केली तवाच सांगाचं होतं, पन तुमचं तोंड पाहून नाई सांगितलं."

एवढ्या फिरण्यात खरं बोललेली ही एकच बाई. वाटेत एस.टी.त रडू आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं तंबाखू दिली.

असो. दहा गेले तर गेले. एक तर आहेच.

२१ मे
॥ श्री ॥
कोणी भिंत द्यायला तयार नाही. माझ्याच ब्रशनं रंगवलेल्या घरांचे मालक म्हणतात, नंतर पाहू. म्हणून आपल्या घराची रस्त्याकडची भिंत घेतली. चुना मारला, कोपऱ्यात श्री काढला आणि नाव लिहायला बसलो. डोळे झाकून अक्षर काढणारा माणूस मी, पण 'शालिकराम'मधला 'क' तीनदा पुसला.

कुंतानं अजून पाहिलं नाही. तिला आवडेल.

२४ मे
॥ श्री ॥
आज मतदान झालं. वडशाच्या केंद्रासमोर दहापासून उभा होतो. साडेअकराला गाडी आली. सगळ्या बायांच्या अंगावर एकाच रंगाच्या साड्या, पक्षानं दिलेल्या. कुंताला ओळखायला वेळ लागला. एवढ्या दिवसांत वाळली होती. आत जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भूपेशभाऊ दाराशीच उभे होते.

बराच वेळ आत होती. बाहेर आली तर बोटाला जांभळा डाग. तिथं सरकारच एक जांभळा स्केचपेन ठेवतं, त्यानंच लिहायचं असतं. कुंता लिहिताना नेहमीच पेन जोरात दाबते. माझ्याकडे पाहून तिनं ते बोट वर केलं, एकच.

दुपारी घरी आली. आधी भिंतीसमोर उभी राहिली. खूप वेळ. मग "क मोठा झाला," म्हणाली आणि हसली.

हॉटेलात काय काय केलं ते सांगत होती. रोज नमुन्याच्या मतपत्रिका देऊन शिकवत. आकडाच लिहा, सही नको, नाव नको, अंगठा नको. अमरबाबूंना एक, आणि पुढचे दोन-तीन-चार कोणाला, त्याचा क्रम प्रत्येकाला वेगळा पाठ करून दिला होता. मोजणीच्या वेळी ज्याचा क्रम निघणार नाही तो फितूर, हे त्यांचं गणित.

"मग त्यांना कळेल ना, तू नाही दिलंस ते?" मी विचारलं.

"कळू द्या," ती म्हणाली. "तुमी जशी शिकवली तशीच देली मी. मन लावून देली."

आज फार दिवसांनी दोघं एका ताटात जेवलो.

२७ मे
॥ श्री ॥
चंद्रपूरला मोजणी होती. अमरबाबूंचे प्रतिनिधी वीस, वकिलांचे बारा, माझा मी एकटा. साहेब लोक फार व्यवस्थित होते. सगळ्या केंद्रांच्या पत्रिका आधी एकत्र मिसळल्या, मग बाद पत्रिका वेगळ्या काढल्या. बाद निघाल्या नऊ. साहेब एकेक वर धरून कारण सांगत होते. दोन कोऱ्या, चारांवर बरोबरची खूण, दोहोंवर सह्या, एकीवर काहीतरी लिहिलेलं. म्हणाले, जवळ येऊन पाहायचा तुम्हाला हक्क आहे. बाकीचे वाकून पाहत होते. मी हात हलवला, "जाऊ द्या साहेब, बाद ते बाद." आपण खिलाडूपणा दाखवला म्हणून मनात खूशही झालो.

मग सहा खण मांडले. अमरबाबूंचा खण भरत गेला, वकिलांचा भरत गेला. तीन अपक्षांच्या खणांत मिळून चार पडल्या. माझा खण चौथा. त्याचा लाकडी तळ मला सगळा वेळ दिसत राहिला. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत मी उभा होतो. एकाला दोन पत्रिका चिकटल्यात का पाहा म्हणून सांगितलंसुद्धा. तो बिचारा पाहून आला.

साहेबांनी माइकवर वाचलं. अमर, सहाशे चार. वकील, तीनशे सत्तर. माझं नाव पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, शून्य.

दहा जणांनी सही केली होती. त्यांचं सोडा.

कुंता.

२८ मे
॥ श्री ॥
काल घरी आलो तेव्हा ती दारातच होती. "किती?" म्हणाली. मी म्हणालो, "शून्य."

"असं कसं? मी देली ना."

"शून्य म्हणजे शून्य, कुंता. त्यात कोणाचंही नसतं. तुझंही नाही."

"माह्या भावाची आन. मी तुमालेच देली."

मी बोलू नये ते बोललो. मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी म्हणू नये की बोललो नाही. म्हणालो, "आठ दिवस हॉटेलात काढले, पक्षाची साडी नेसलीस, ती अंगाला लागली. खोटी आन खाऊ नको. मला आख्ख्या जिल्ह्यासमोर नागडं केलंस." बोट वर करून दाखवलंस तेव्हाही खोटंच होतं, असंही म्हणालो.

ती रडली नाही. रडली असती तर मी थांबलो असतो. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. माझे सगळे शब्द संपेपर्यंत तशीच उभी होती.

आज सकाळी उठलो तर घर झाडलेलं, चूल पोतारलेली, ती नाही. पाण्याच्या माठाखाली चिठ्ठी होती. तांदूळ पिंपात आहे, शेजारच्या रंभाबाईला सांगितलं आहे ती भाजी देईल, गोळी विसरू नका. शेवटी लिहिलं होतं, 'मी तुमालेच देली होती.' चिठ्ठी चुरगाळून फडताळात फेकली. खोटं लिहायला मीच शिकवलं, असं वाटलं.

३ जून
लिहायला हात वळत नाही, पण लिहिलं पाहिजे.

दुपारी भूपेशभाऊ आले. या वेळी बसले नाहीत. अंगणातूनच बोलले. "कुठी हाय तुमची बाई? पूर्ण पेटी पाहिली आमी. तिले जो क्रम देला होता, तो निघालाच नाई. तिनं अमरबाबूले मत नाई देलं. आता नळयोजना इसरा म्हना, अन् पुढचं तिकीट बी."

मी म्हणालो, "मग कोणाला दिलं तिनं?"

"ते मले काऊन इचारता? तुमाले त शून्य हाय." हसले आणि गेले.

मी ओसरीत बसलो. अमरबाबूंना नाही. मला नाही. वकिलांचं नावही तिला धड माहीत नव्हतं. मग ती जांभळी शाई गेली कुठे? फडताळातून तिची चिठ्ठी काढली, मांडीवर सरळ केली. पुन्हा वाचली. तांदूळ, भाजी, गोळी. आणि या सगळ्याच्या वर, मध्यभागी, पेन जोरात दाबून, कागद फाटेल इतका दाबून, श्री.

एकीवर काहीतरी लिहिलेलं, असं साहेब म्हणाले होते. जवळ येऊन पाहायचा हक्क आहे, असंही म्हणाले होते. माझ्या नावापुढे एक असणार, पण कागदाच्या वर तिचा श्रीही असणार. ओळख पटेल असं काही लिहिलं की मत बाद, तो नियमच आहे. मी हात हलवला. बायकोचं मत डोळ्यांसमोर धरलं होतं आणि मी म्हणालो, बाद ते बाद.

माझ्याच हातानं तिला शिकवलं. तिनं पोटाशी धरून ठेवलं ते शिकलेलं. मी गाढव आहे. एकसष्ट वर्षांचा, सुंदर अक्षराचा गाढव.

४ जून
पहाटेच्या गाडीनं तिच्या माहेरी गेलो. ती कडुनिंबाखाली बिरजूचं फाटलेलं जाळं विणत बसली होती. मी जमिनीवरच बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"म्हंजे माह्या श्रीनं बाद झालं?"

"माझ्या," मी म्हणालो. "मी शिकवलेल्या."

तिनं आणखी एक गाठ मारली. मग हळू बोलली. "सही नाई कराची, नाव नाई लिवाचं, सांगितलं होतं. देवाचं नाई लिवाचं, असं कोनी नाई म्हनलं. तिथी रोज नमुने लिवले, अमरबाबूच्या एकाबी कागदावर नाई लिवला मी श्री. मनच नाई झालं. तुमच्या कागदावर लिवला. म्हनलं, चांगलं काम हाय, थेट काऊन सुरू करावं."

मी तिच्या पायांना हात लावायला गेलो. तिनं पाय मागे घेतले.

"माफ कर, कुंता. घरी चल."

तिनं जाळं खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मोजणीवरून आलो त्या दिवशी पाहत होती तसंच.

"त्या सायबानं माहं मत बाद केलं, त्याले कानून होता जी. कागद पाहून केलं त्यानं. तुमी मले बाद केली, तवा काय पाह्यलं?"

बिरजूनं जेवायला वाढलं, दोन घास खाल्ले. तिनं मला माशाचा मधला तुकडा वाढला, नेहमीसारखा, आणि पुन्हा झाडाखाली जाऊन बसली. शेवटची गाडी साडेचारला असते. सव्वाचारला तीच म्हणाली, "निघा, चुकन गाडी. गोळी घेत जा." येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही.

गल्लीत शिरलो तर समोर भिंत. माझं नाव, त्यातला तो मोठा झालेला क. गेल्या महिन्यात ती इथं उभी राहून हसली होती. आत आलो, वही उघडली. पान कोरं होतं. आजही वर काही न लिहिता सुरुवात केली.